दूध बाधणारी पोरगी

“दूध किती घेतेस दिवसाला?” एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दूध नाही घेत मी. मले बाधते,” प्रतिक्षा म्हणाली.

“बाधतं म्हणजे नेमकं काय होतं?”

हा काही अवघड प्रश्न नव्हता. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, पोलीस भरतीचं सामान्यज्ञान घडाघडा म्हणून दाखवणारी पोरगी. तिला आपल्या पोटाबद्दल दोन शब्द सांगता यायला हवे होते. तिनं सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. काही आठवेच ना. मग ती ओशाळून हसली आणि तपासणीच्या कॉटवरून मागं वळली.

“आई, काय होते वो मले?”

भिंतीजवळच्या स्टुलावर धुरपताबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरले.

“पोट फुगते तिचं,” ती म्हणाली. “लहानपणापासून.”

“आणि अंडी?”

“ते बी नाही जमत मले,” प्रतिक्षानं स्वतःच सांगून टाकलं. “अंगावर गांधी उठते. म्हणजे मी खाऊन नाही पाहिलं इतक्यात, पण उठते.”

डॉक्टरीणबाईंनी फिल्म टेबलावर ठेवली. भंडाऱ्यातला त्यांचा दवाखाना काही मोठा नव्हता. बाहेर बाकावर दहाबारा पेशंट खोळंबले होते. तरी त्या घाई करत नव्हत्या. आदल्या दिवशी भरतीच्या मैदानावर आठशे मीटर धावताना प्रतिक्षा दुसऱ्या वळणावर कोसळली होती. उठून, लंगडत, सगळ्या पोरी निघून गेल्यावर तिनं रेघ ओलांडली होती. उपयोग काही नव्हता. वेळ केव्हाच संपली होती.

“हे बघ, तू पडलीस म्हणून नडगीच्या हाडाला चीर गेलेली नाही. चीर होती म्हणून तू पडलीस. महिनाभर दुखत असणार. बोलली का नाहीस?”

“सगळ्याच पोट्ट्यांचे पाय दुखते मॅडम.”

“सगळ्यांचे दुखतात, पण सगळ्यांचे मोडत नाहीत. तुझं हाडच विरळ दिसतंय मला या वयाच्या मानानं.”

“मंग धावाले नाही पायजे होतं का मी?”

“धावायलाच पाहिजे होतं! लहानपणापासून धावायला पाहिजे होतं. पळणं, दोरीवरच्या उड्या, कबड्डी, यानंच तर मुलींची हाडं भरतात. दहाअकराव्या वर्षापासून अठरापर्यंत काय भरायचं ते भरून घेतं शरीर. पण त्याला खायला नको? मिस्त्री कामाला लावला आणि विटाच आणून दिल्या नाहीत, तर तो भिंत कशाची उभी करणार?”

“खेळाचं बी नाही जमलं मले,” प्रतिक्षा म्हणाली. “माही हाडं पयलेपासूनच नाजूक हायेत. म्हणून आई खेळू नाही दे.”

डॉक्टरीणबाईंनी आता धुरपताबाईकडं पाहिलं.

“नाजूक आहेत असं कुणी सांगितलं होतं?”

“वैद्य होता एक,” धुरपताबाई म्हणाली. आणि वर काही विचारू नये म्हणून घाईनं पुढं जोडलं, “मेला तो आता.”

असा कुठलाही वैद्य नव्हता. मेलेला नव्हता आणि जिवंतही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पायाला आधाराचा पट्टा दिला, दोन महिने धावायचं नाही म्हणून बजावलं आणि काय काय खायचं ते सांगितलं. डाळी, तीळ, शेवग्याचा म्हणजे मुनग्याचा पाला, छोट्या मासोळ्या काट्यासकट, सकाळचं ऊन. “आणि दूध अर्धा कप घेऊन बघ, जेवणावर. पुष्कळ मुलांना लहानपणी बाधतं आणि मोठेपणी जातं ते. अंड्याचं मात्र आधी मला विचारल्याशिवाय नको.”

“मंग हाडं भरतीन ना मॅडम?”

“काही वर्षं आहेत अजून हाताशी. राहिलेलं सगळं नाही भरून निघणार, थोडं निघेल. पण तेवढं तरी सोडू नकोस.”

धुरपताबाई वाईट बाई नव्हे. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवणार. अड्याळला बाजाराच्या मागच्या गल्लीत विचारलं तर कुणीही सांगेल, धुरपताबाईच्या घरून रिकाम्या हातानं परत आलेला माणूस नाही. धानाची थोडी शेती, दोन म्हशी, आठदहा कोंबड्या. नवरा गुलाब, अगदी गरीब गाय. दोन पोरी, रीता आणि प्रतिक्षा. दोघींत सात वर्षांचं अंतर. घरात खायची ददात कधी नव्हती. तीच तर यातली खरी चीड आणणारी गोष्ट आहे. नव्हतं म्हणून दिलं नाही, असं म्हणायचीही सोय नाही.

रीता बापावर गेलेली, ठेंगणी, गोल चेहऱ्याची. प्रतिक्षा आजोळच्या वळणावर. दहावं सरलं तशी ती उसासारखी वाढायला लागली. म्हशीची धार काढायला आई बसली की ही पेला घेऊन शेजारी हजर. फेसाळ दूध उभ्यानं प्यायची आणि ओठावर पांढऱ्या मिशा घेऊन शाळेत पळायची. शाळेच्या कबड्डीच्या चमूत तिला सहावीतच घेतलं होतं. गुरुजी म्हणत, पोरीच्या पायात जोर आहे.

मग रीताला पाहायला तुमसरकडचे पाहुणे आले.

त्या दिवशी झालं काय, तर रीता आत साडीच्या निऱ्या काढत होती आणि प्रतिक्षा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. सातवीतली पोरगी, पण उंचीनं रीताला मागं टाकलेली. त्यात सणासारखा दिवस म्हणून तिनं ताईचीच जुनी ओढणी अंगावर घेतली होती. मुलाच्या मावशीला दिसायचं जरा कमी. तिनं प्रतिक्षाचा हात धरला, शेजारच्या पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि ओटीत नारळ टाकून मोकळी झाली.

“पसंत हाय बापा आमाले. उंचीपुरी हाय पोरगी. कितवी शिकली व तू?”

“सातवीत हाय,” प्रतिक्षा म्हणाली.

बैठकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. नेमकी त्याच वेळी रीता पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मावशीनं डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, “मंग हे कोण?”

रीतानं ट्रे खाली ठेवला. एक पोहा सांडू दिला नाही. सगळ्यांच्या पाया पडली, आत गेली आणि चुलीकडं तोंड करून बसली ती संध्याकाळपर्यंत. चार दिवसांनी निरोप आला. मोठी राहू द्या, लहानीसाठी आम्ही थांबायला तयार आहोत.

थांबायला तयार! बारा वर्षांच्या पोरीसाठी! गुलाबनं निरोप आणणाऱ्याला चहासुद्धा विचारला नाही. पण बोलून गेलेले शब्द घरातून जातात थोडेच? रीता त्यानंतर बहिणीच्या शेजारी उभी राहीनाशी झाली. फोटो काढायचा म्हटलं की तिला आतमध्ये काम निघायचं. एकदा तर ताटावरून उठताना म्हणाली, “माहं लग्न नाही झालं तरी चालते आई, पण लोकायले बोलावू नोको आता.” आणि धुरपताबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

गुलाबची बहीण रुखमा शेजारच्याच घरात राहत होती. कुंपणावरून तिचं सगळीकडं लक्ष.

“लहानीले आवर धुरपता,” ती म्हणाली. “दूध-अंडे खाऊन पोट्टी झपाझप वाढून राहिली. दोघी उभ्या राह्यल्या तं मोठी कोणती ते सांगा लागते. मोठीचं होईपर्यंत तरी जरा दमानं घे.”

“जेवू नोको म्हणू का लेकरीले?”

“जेवू दे ना. कोण नाही म्हणते? दूध नाही पेलं तं कोणी मरते का?”

नाही म्हटलं तर प्रतिक्षा ऐकणाऱ्यातली नव्हती. का म्हणून विचारलं असतं, आणि ते कारण रीताच्या कानावर गेलं असतं तर तिनं विहीर जवळ केली असती, असं धुरपताबाईला वाटायचं. आठवडाभर ती नुसती घुटमळत राहिली. मग एके दिवशी प्रतिक्षा शाळेतून पोट धरून आली. पोरींनी मिळून कच्च्या चिंचा झोडपून खाल्ल्या होत्या, मिठाला लावून, पोटभर. रात्री कळ उठली. धुरपताबाईनं ओवा दिला, पोट चोळलं, आणि चोळता चोळता तिच्या तोंडून निघून गेलं.

“तुले दूध बाधते वाटते व.”

बस. एवढंच. असल्या बाबतीत पोर आईचं ऐकते. आईला ठाऊक असतं आपल्याला काय बाधतं ते. सकाळी पेला घेऊन ती गोठ्यात आलीच नाही.

खोट्याला एकदा घरात जागा दिली की ते पाहुण्यासारखं दोन दिवसांनी जात नाही. मग अंड्यानं गांधी उठतात असं झालं. मग कबड्डीत एकदा गुडघा फुटला तेव्हा, “तुही हाडं नाजूक हायेत बाई, मोडलं एखादं तं पाय घेऊन बसशीन जलमभर,” असंही झालं. गुरुजी दोनदा घरी आले. त्यांनाही तेच सांगितलं. चमू खेळायला बाहेरगावी जायचा तेव्हा प्रतिक्षा पोरींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला जायची, आणि घसा बसेपर्यंत ओरडून यायची.

आणि वाढायची ती वाढलीच. दूध बंद केल्यानं का कुणाची उंची थांबते? आईबापाकडून आलेली उंची ती, येणारच. फक्त आतून भरायचं ते राहिलं. हातपाय काटकीसारखे झाले. धुरपताबाई पाहायची आणि मनात म्हणायची, रीताचं एकदा उरकू दे, मग रोज दोन पेले पाजते हिला.

रीताचं उरकलं. बपेऱ्याहून जीवनचं स्थळ आलं. किराणा दुकान, मुलगा सालस, उंचीला रीतापेक्षा बोटभर सरस असेल नसेल. पाहुणे यायच्या आधीच प्रतिक्षाला रुखमाच्या घरी धाडून दिलं होतं. पण जीवनची आई हात धुवायला मागच्या अंगणात गेली आणि कुंपणापलीकडं तिला ही दिसली.

“हे लहानी होय का? तिकडं एकटी कायले बसवली लेकरीले? ये व इकडं!”

धुरपताबाई पदर सावरत मागोमाग धावली. त्या बाईनं दोघी बहिणींना शेजारी उभं केलं, खालून वर पाहिलं आणि खदखदून हसली.

“बरं हाय बापा, जीवन. वरच्या फळीवरचे डबे काढाले साळीले बोलावत जाशीन.” मग रीताचा हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, “आमाले हेच पायजे होती. येता येता रस्त्यात हिच्याच हातच्या चकल्यायचं नाव ऐकलं आम्ही.”

त्याच बैठकीत ठरलं. चार वर्षं ज्या उंचीला भिऊन काढली, तिच्याकडं त्या माणसांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. धुरपताबाई त्या रात्री आनंदानं रडली की आणखी कशानं, ते तिचं तिलाच माहीत.

आता तुम्ही विचाराल, मग तेव्हा तरी का नाही पाजलं? लग्न होऊनही तीन वर्षं झाली. कसं पाजणार? तोपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं की प्रतिक्षाला दूध बाधतं. ताईच्याच लग्नात तिनं बासुंदीची वाटी हात जोडून परत केली होती. तिनं स्वतःबद्दल ज्या चारदोन गोष्टी पक्क्या धरल्या होत्या, त्यातली ही एक होती. ती काढून घ्यायची तर आधी आपण काय केलं ते सांगावं लागणार. धुरपताबाई रोज म्हणायची, उद्या सांगू. भरतीची तयारी सुरू झाली, पोरगी पहाटे उठून पवनीच्या रस्त्यानं पळायला लागली, गूळ-शेंगदाण्याची पुडी खिशात घालून. तेव्हाही ती दारातून पाहत राहिली आणि म्हणाली, उद्या सांगू.

दवाखान्यातून परतताना एसटीत प्रतिक्षानं पट्ट्याचा पाय समोरच्या सीटवर ठेवला होता. मोबाईलवर मैत्रिणींचे निरोप येत होते. दोघी मैदानी चाचणीत पास झाल्या होत्या. तिनं दोघींना शाबासकी पाठवली, मोबाईल बंद केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. धानाची शेतं कापून मोकळी पडली होती.

“मेहनत कमी नोहती माही,” ती म्हणाली. “नोहती ना आई?”

“नाही व. कोण म्हणते?”

“माह्या अंगातच खोट हाय. दूध नाही चालत, अंडं नाही चालत, हाडं अशी. दुसऱ्या पोट्ट्या बी गरीबच हायेत, मी पाह्यतो ना. त्यायचे पाय नाही मोडले. मी सोडून देतो हे आता. ताई म्हणते तसं शिवणाचा क्लास लावतो.”

कंडक्टर पुढून मागं आला, पायाकडं पाहून बाजूनं गेला. धुरपताबाईनं पोरीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. हे खोट असल्याचं बोलणं तिच्या जिवाला लागलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण पोरीचं दूध तोडलं. आज कळलं की त्याच्याबरोबर आणखीही काही तोडलं.

घरी आल्यावर गोठ्यात ती गुलाबजवळ उभी राहिली.

“मी सांगून टाकतो तिले.”

गुलाब म्हशीपुढं कुटार टाकत होता. इतकी वर्षं त्यालाही सगळं ठाऊक होतं.

“काय सांगशीन?”

“सगळं.”

“येडी झाली का? डॉक्टरीनच म्हणे ना, लहानपणी बाधते अन् मोठेपणी जाते. तसंच म्हण. गेलं म्हण. पोरगी खुश, आपन बी सुटलो. आता सांगून तिचा पाय जुळून येनार हाय का?”

“तिच्या अंगात खोट हाय म्हणते ती.”

“म्हणू दे. चार दिवस म्हणीन अन् इसरन.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “अन् रीताले माहीत पडलं तं? तिच्या लग्नासाठी हे केलं म्हणून? ते काय सुखानं संसार करन का?”

गुलाब क्वचित बोलायचा. आज बोलला ते खरंही होतं. धुरपताबाई धार काढायला बसली, पण म्हैस पान्हा सोडीना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ऊन आलं तशी तिनं बाज उन्हात ओढली आणि प्रतिक्षाला बसवलं. पोटभर नाश्ता झाल्यावर अर्धा कप कोमट दूध पुढं केलं.

“डॉक्टरीनबाईनं सांगितलं ना. घे.”

“साखर टाकली?”

“टाकली.”

प्रतिक्षानं डोळे मिटून, औषध घ्यावं तसं ते घेतलं. मग पोटावर हात ठेवून ती वाट पाहत बसली. धुरपताबाई सुपात तांदूळ घेऊन पायरीवर बसली. निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“होऊन राहिलं का काही?”

“नाही अजून.”

ऊन अंगणभर पसरलं. कोंबड्या बाजेखालून फिरून गेल्या. प्रतिक्षानं एकदा पोट दाबून पाहिलं, एकदा ढेकर दिला आणि आईकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटत होतं.

“आई! काहीच नाही झालं वो!”

“हो?”

“गेलं ते! खरंच गेलं! बाबा, ओ बाबा, मले दूध पचलं!” ती बसल्या जागेवरून कुंपणाकडं ओरडली. “आत्या! मले दूध पचलं वो! बाधत नाही आता!”

रुखमा वाळवणावर हात फिरवत होती. ती सरळ उभी राहिली. “बरं झालं बापा,” म्हणाली आणि वाळवण तसंच टाकून घरात गेली.

“मंग अंडं बी जाईन ना पचून? अन् हाडं बी?” प्रतिक्षा बोलतच सुटली. “डॉक्टरीनबाईले फोन करून सांगतो. आई, मी नाही लावत शिवणाचा क्लास. दोन महिने खाऊन घेतो चांगलं, पुढची भरती...”

गुलाब गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. बायकोकडं पाहून त्यानं हळूच मान हलवली. राहू दे म्हणून. आणि खरंच, राहू द्यायला काय हरकत होती? पोरगी हसत होती. देवानं आयती वाट मोकळी करून दिली होती. धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं.

“तुले बाधतच नोहतं, प्रतिक्षा.”

“काय?”

“दूध. कधीच नाही बाधलं तुले. त्या दिवशी तू कच्च्या चिचा खाऊन आली होती, त्यानं दुखलं पोट. मी दुधाचं नाव घेतलं.”

प्रतिक्षाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच तिथं राहिलं, काय करावं ते न कळल्यासारखं.

“काहून?”

“रीताच्या लग्नासाठी. तू तिच्याहून मोठी दिसू नाही म्हणून.”

“अन् अंड्याचं?”

“ते बी.”

“अन् माही हाडं? वैद्यानं सांगितलं होतं ते?”

“कोणीच नोहतं सांगितलं. चांगली मजबूत होती तुही हाडं. मीच नाजूक नाजूक म्हणून...” ती रडायला लागली, तोंडावर पदर न घेता.

गुलाब आत निघून गेला.

“म्हणजे माह्या अंगात खोट नोहती,” प्रतिक्षा म्हणाली. ते तिनं विचारलं नव्हतं, तरी धुरपताबाईनं उत्तर दिलं.

“नाही व माय. कधीच नोहती.”

“मी बाटल्या सांभाळल्या आई. चार वर्षं. पोट्ट्या खेळे अन् मी त्यायच्या चपला राखत बसे. मले वाटे, देवानं मलेच असं काहून बनवलं.” तिचा आवाज चढला नाही, उलट बसत चालला. “अन् ताईचं लग्न झाल्यावर? तेव्हा काहून नाही सांगितलं? तेव्हा मी सोळाचीच होती ना? तेव्हा सांगितलं असतं तं...”

“हिंमत नाही झाली.”

“मी पळाले जाऊ तं तू दारात उभी राहून पाहे.”

“हो.”

“रोज पाहे.”

“हो व.”

बाजेवरचा मोबाईल वाजला. रीताचा फोन होता. आदल्या दिवसापासून तिचे सारखे फोन सुरू होते. धुरपताबाईनं डोळे पुसले आणि हात पुढं केला.

“दे इकडं. तिले बी सांगतो. एकदाचं होऊन जाऊ दे.”

प्रतिक्षानं मोबाईल दुसऱ्या हातात घेतला, आईच्या हाताला लागू नये असा, आणि कानाला लावला.

“हाव ताई... बरा हाय पाय. दोन महिने लागतीन म्हणे... हाव, पेली ना. आताच पेली, अर्धा कप. नाही वो, काहीच नाही झालं. डॉक्टरीनबाई म्हणे, लहानपणी बाधते अन् मोठेपणी जाते... हाव. गेलं.” ती थांबली. पलीकडून रीता आनंदानं काहीतरी भराभरा बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण तिचं हसणं पायरीपर्यंत ऐकू येत होतं. “नाही, रडून नाही राहिली. सर्दी हाय जराशी... भाऊजीले सांगजो. ठेवतो.”

मोबाईल तिनं उशीखाली सारला.

“तिले नोको सांगजो कधी,” ती म्हणाली.

धुरपताबाईनं मान हलवली. कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिले होते, पण तिला उठवेना. बऱ्याच वेळानं प्रतिक्षानं बाजेवरचा रिकामा कप उचलला आणि आईच्या दिशेनं पुढं केला.

“आणखी हाय का?”

धुरपताबाई लगबगीनं उठली. कप घेताना तिनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं, पण प्रतिक्षा दुसरीकडंच बघत होती.